सतरा नंबरची पिशवी

सिगारेटवरचा कर वाढल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी अर्धं शहर सिगारेट सोडतं. हे मी एकतीस वर्षं पाहिलं आहे. मी वितरकाच्या गोदामात हिशेबनीस होतो. बातमी संध्याकाळी यायची आणि पुढच्या आठवड्याचा खप माझ्या वहीत असा आडवा पडायचा, की नव्या माणसाला वाटावं, संपला धंदा. लोक सोमवारी शपथा घेत, बुधवारी घरच्यांवर खेकसत, शुक्रवारी कुणाकडून तरी एक मागून ओढत, आणि पुढच्या सोमवारी स्वतःचं पाकीट घेत. फक्त एक पायरी खालच्या ब्रँडचं. महिनाअखेर वही पुन्हा उभी राहायची, जरा पाठ वाकवून. शंभरातले चार-पाच खरोखर सुटायचे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण आदरावर गोदामाचं भाडं निघत नाही.

दुकानदारांमध्ये माझ्या सगळ्यांत जवळच्या म्हणाल तर माझ्या वहिनी. थोरला भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचं कोपऱ्यावरचं दुकान त्या चालवतात: सिगारेट, काड्यापेट्या, साबण, सुया, बॅटऱ्या. मी वरच्या खोलीत राहतो आणि खाली जेवतो. लग्न मी केलं नाही. वहिनींच्या मते माझ्याशी कुणी केलं नाही.

दादा दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. तो गेल्यावर एकदा मी सहज हिशेब मांडला, की बत्तीस वर्षांत त्यानं सरकारला कर किती भरला आणि शेवटच्या सात महिन्यांत सरकारी इस्पितळानं त्याच्यावर खर्च किती केला. सरकार चांगलं फायद्यात होतं. वहिनींनी तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "खोकत खोकत भरला हो बिचाऱ्यांनी. पावती कुठंय?"

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी शंभराचं पाकीट एकदम दीडशेला गेलं. तोवर मी निवृत्त झालो होतो. वितरकांचा खप एक तृतीयांशानं घसरला आणि तिथंच राहिला. महिना झाला, दोन झाले, वही उठेना. सरकारनं जाहीर केलं की जनतेनं व्यसन सोडलं. महसूल खात्यातल्या लोकांना तेवढी खात्री नव्हती. लोकांनी सिगारेट सोडली आहे की फक्त कर भरायचं सोडलं आहे, हे त्यांना पाहायचं होतं. सीमेपलीकडून आलेल्या चोरट्या पाकिटावर कराची हिरवी पट्टी नसते, आणि ते ऐंशीला मिळतं.

यासाठी खात्यानं एक आकडेवाल्या बाई नेमल्या होत्या. तिशीतल्या, बारीक, पायात धावायचे बूट. त्यांनी आम्हा आठ जणांना एका लांब टेबलाभोवती बसवलं. आठही जण धंद्यातले जुने: कुणी विक्रेता, कुणी गाडीवरचा, मी गोदामाचा. पाकीट ओळखणारी माणसं हवीत, असा त्यांचा विचार.

"माणसाला विचारलं तर तो खोटं बोलतो," बाई म्हणाल्या. "किती ओढतोस म्हटलं की निम्मं सांगतो. कुठून घेतोस म्हटलं तर पूर्ण खोटं. म्हणून आपण कुणाला काही विचारायचंच नाही. रस्त्यावर पडलेली रिकामी पाकिटं उचलायची. पाकीट खोटं बोलत नाही."

"कचरा गोळा करायचा," माझ्या शेजारचा चष्मेवाला म्हणाला. तो पंचवीस वर्षं माझ्या गोदामातून माल नेणारा विक्रेता.

"हो काका, कचरा. पण नियमानं."

नियम असे होते. प्रत्येकाला बारा गल्ल्या. ठरलेल्या दिवशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, जमिनीवर दिसलेली पहिली चाळीस पाकिटं उचलायची, गल्लीचा नंबर घातलेल्या पिशवीत भरायची. दुकानाच्या आत जायचं नाही, दुकानदाराच्या डब्याला हात लावायचा नाही. पिशव्या शुक्रवारी कार्यालयात आणायच्या, तिथं पट्टीवाली आणि बिनपट्टीची वेगळी मोजायची, आणि मग मोहोर लावून दोन वर्षं कपाटात ठेवायच्या. त्याआधी एक सरावफेरी, प्रत्येकी एक गल्ली. सरावाची पाकिटं मोजून झाली की जिन्याखालच्या टाकाऊ खोक्यात जायची.

सरावाच्या दिवशी मी माझी चाळीस मोजली आणि गोदामातल्या सवयीनं प्रत्येकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या पेन्सिलीनं बारीक खूण केली. मोजलेली पेटी पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून एकतीस वर्षं हात तसाच चालत आला होता. बाईंनी बघितलं आणि हसल्या. "काका, ही तर फेकायची आहेत."

"सवय आहे, बाई. तुम्ही फेका, मी खूण करतो."

नेमणुकीच्या अर्जात एक रकाना होता: जवळचं कुणी या व्यवसायात आहे का? मी 'नाही' लिहिलं. मनाशी म्हटलं, वहिनी म्हणजे भावाची बायको. भाऊच नाही, तर कागदावर नातं उरलं कुठं? असा युक्तिवाद मी दुसऱ्या कुणाच्या वहीत पाहिला असता, तर लाल शाईनं गोल करून वर पाठवला असता. खरं कारण साधं होतं. दोन वर्षं मला कुणी काही मोजायला सांगितलं नव्हतं.

माझ्या बारा गल्ल्यांत सतरा नंबरची गल्ली आमचीच निघाली.

मंगळवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघालो. बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकापासून सुरुवात, मग लाँड्री, सायकलदुरुस्ती, बसथांबा आणि शेवटी वहिनींचं दुकान. वाकायचं, उचलायचं, झाकण बघायचं. पहिल्या दहांत चार बिनपट्टीची. मी पाठ ताठ केली आणि स्वतःला सांगितलं, कारखान्यातले कामगार कुठूनही आणत असतील. पण जसजसा कोपरा जवळ येऊ लागला तसतशी ती दाट होत गेली. दुकानासमोरच्या गटारीच्या कडेला तर ओळीनं पडली होती. चाळीसात सत्तावीस.

वहिनी फळकुटावर कोपर टेकून माझी कवायत पाहत होत्या. "काय हो कचरासाहेब, कमरेला तेल देऊ का?"

"वहिनी, निळं पाकीट आहे का एक?"

"तुम्ही कधीपासून ओढायला लागलात?"

"दाखवा तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकून साबणाच्या खोक्याखालून एक पाकीट काढलं. निळं, कोरं, झाकण स्वच्छ. हिरवी पट्टी नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन महिने नाही म्हटलं मी. दोन महिने, भावजी. तो शिंपी यायचा, उभा राहायचा, म्हणायचा पलीकडच्या गल्लीत ऐंशीला मिळतं. नर्सबाई म्हणायच्या, दीडशे काय सोन्याचा धूर निघतो का? जायचे तिकडं. सिगारेट तिकडं घेतली की काड्यापेटी तिकडं, साबण तिकडं. माणूस एका गोष्टीसाठी दोन दुकानं चढत नाही. भाडं मात्र माझ्याच दारात येतं." त्यांनी पाकीट परत खोक्याखाली सारलं. "पट्टीवाल्यावर मला तीन सुटतात. ह्याच्यावर पंचवीस. तुम्हीच सांगा, तुम्ही हिशेबवाले."

"कोण आणून देतो?"

"साबणवाला. साबणाच्या पेटीत वरचा थर साबण. वास पण चांगला येतो."

मी हसलो नाही. "पकडलं तर?"

"दंड. पहिल्या खेपेला दंडच असतो, मी विचारून ठेवलंय. बघून घेईन."

एवढं स्पष्ट बोलणं झालं होतं. दंड, आणि बघून घेईन. मी ते नीट ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

पण वर खोलीत बसून मला दिसत होतं ते एवढंच, की शुक्रवारी मी टेबलावर सतरा नंबरची पिशवी उलटी करणार, चाळीसात सत्तावीस निघणार, बाईंच्या नकाशावर तो कोपरा तांबडा होणार आणि तांबड्या कोपऱ्यावर खात्याची गाडी थांबणार. दादाचं दुकान. म्हणजे वहिनींचं. मी मनात अजून दादाचंच म्हणत होतो.

बुधवारी मी कार्यालयात गेलो, जेवणाच्या डब्यासकट. जिन्याखालच्या टाकाऊ खोक्यातून पट्टीवाली पाकिटं डब्यात भरायची, एवढा साधा बेत. तेवीस हवी होती. चार बिनपट्टीची मी ठेवणार होतो. अगदीच सोवळी गल्ली दिसली तर संशय येतो, एवढी अक्कल गोदामानं दिली होती. खोक्यात सरावाची तीनशे वीस पाकिटं होती. त्यातली निदान दीडशे पट्टीवाली असणार, मी स्वतः मोजताना पाहिलं होतं. मी हात घातला, उपसलं, तळ गाठला. पट्टीवाली पंधरा मिळाली. त्यातल्या सहांवर माझीच निळी खूण.

जिन्याखाली उकिडवा बसून मी खोक्याकडे पाहत राहिलो. कुणीतरी माझ्या आधी येऊन गेलं होतं. एक माणूस नव्हे; एका माणसाला सव्वाशे रिकामी पाकिटं कशाला लागतात?

"उशीर केलास," मागून चष्मेवाला म्हणाला. "किती कमी पडतायत?"

"कशाबद्दल बोलतोयस?"

"अरे, नवऱ्या मुलासारखा लाजू नकोस. नऊ नंबरला माझ्या मेहुण्याचं दुकान आहे. तुझं कुठलं?"

"आठ कमी पडतायत," मी म्हणालो.

"सात-सातला देतो."

"रिकामं पाकीट सातला?"

"काल सकाळी पाचला होतं. दुपारनंतर मागणी वाढली." त्यानं पिशवीतून आठ मोजून काढली, विक्रेत्याच्या सराईत बोटांनी. "माल थोडा, गिऱ्हाईक जास्त. मी काय करू? आणि हे बघ, यावर कर नाही."

छप्पन्न देऊन मी आठ रिकामी पाकिटं विकत घेतली. सबंध आयुष्यात सिगारेटवर केलेला माझा हा पहिला खर्च.

घरी येऊन अदलाबदल केली. काढलेली तेवीस बिनपट्टीची जाळायला हवी होती. मी ती कागदी पिशवीत घातली, वर तारीख लिहिली, गल्लीचा नंबर लिहिला आणि पलंगाखाली ठेवली. हिशेबनिसाला खोटा हिशेब एकवेळ जमेल, खरा कागद फाडणं जमत नाही.

शुक्रवारी टेबलावर सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. बाई टेबलाच्या टोकाशी आकडे लिहून घेत होत्या. सतरा नंबर: चाळीसात चार. नऊ नंबर: चाळीसात तीन. बावीस नंबर: चाळीसात पाच. आठही जण अगदी गंभीर चेहऱ्यानं मोजत होते, आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नव्हतं.

"विश्वास बसत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदानं बारीक झाला होता. "म्हणजे लोकांनी खरंच सोडली. खप घसरला तो चोरट्या मालामुळे नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. का कोण जाणे, माझ्याकडेच. "काका, माझा सगळा खटाटोप मोठ्यांसाठी नाहीये. मोठी माणसं नाही सोडत. पण ज्यानं अजून पहिली ओढलेली नाही, त्याला पाकीट महाग वाटलं तर तो सुरूच करत नाही. एवढंच मला हवंय."

दादानं पहिली ओढली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि पाकीट बसच्या तिकिटापेक्षा स्वस्त होतं. हे मला तेव्हा, त्या टेबलाशी आठवलं. मी झाकणाकडे बघत राहिलो.

अहवाल छापून आला. चोरटा माल शेकडा अकरा. पुढच्या वर्षी, अहवालाचा हवाला देऊन, पाकीट दीडशेवरून दोनशेला नेलं गेलं. चोरटा माल एवढा कमी आहे, म्हणजे कर वाढवायला हरकत कसली? आणि उरलासुरला चोरटा धंदा मोडून काढायचा म्हणून कायदाही कडक झाला. बिनपट्टीचं पाकीट सापडलं की आता पहिल्या खेपेलाच सिगारेट विकायचा परवाना सहा महिने बंद.

चोरटं पाकीट शंभरला झालं. साबणवाल्याला कुणी कर लावला नव्हता. दोनशेच्या शेजारी शंभरही स्वस्तच दिसतात, एवढं त्याला कळत होतं.

एका दुपारी मी जिन्यावरून खाली येत होतो. साबणवाला दुकानात उभा होता, स्वच्छ सदरा, नम्र आवाज.

"ताई, या आठवड्यापासून दहा पेट्या."

"माझा खप सहाचा आहे," वहिनी म्हणाल्या.

"खप काय, वाढतो. सरकारच आपली जाहिरात करतंय."

"चार पडून राहतील. परत घेणार?"

"परत कसं घेणार, ताई? साबण थोडाच आहे."

"मग मला नकोतच. एकही नको. बंद करते मी."

तो हसला, अगदी घरच्यासारखा. "बंद करू नका. खात्याचा फोन नंबर मला पाठ आहे. आणि आता दंडावर सुटत नाही, माहितीये ना?"

तो गेल्यावर एका बाईनं साबण घेतला. वहिनींनी तिचे सुटे पैसे दोनदा मोजले. तीस वर्षांत त्यांना दोनदा मोजताना मी पाहिलं नव्हतं. मला बघून त्या म्हणाल्या, "काय भावजी, जिना मोजताय का?" पण शब्दांत जोर नव्हता, आणि त्यांनी लगेच पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाखालची कागदी पिशवी काढली आणि कार्यालयात गेलो. वहिनी दुकानाचं दार उघडत होत्या. "एवढ्या सकाळी कुठं?" "जरा काम आहे." एवढंच मी बोललो.

बाईंच्या टेबलावर मी ती पिशवी ठेवली. "सतरा नंबर. ही खरी. मी बदलली होती."

बाईंनी तारीख वाचली. पाकिटं एकेक करून बाहेर काढली. तेवीस. त्यांनी ती पुन्हा एकदा मोजली.

"एक गल्ली," शेवटी म्हणाल्या. "शहाण्णवमधली एक. त्यानं अकराचे साडेअकरा होतील, काका. तुम्ही एवढ्यासाठी आलात?"

"एक नाही, बाई. कपाट उघडा. झाकणाच्या आत निळी खूण असलेली पाकिटं बघा. ती मी सरावाच्या दिवशी केली होती. ती पाकिटं जिन्याखालच्या खोक्यात असायला हवीत."

त्यांनी कपाट उघडलं. आम्ही दोघं त्या लांब टेबलाशी समोरासमोर बसलो आणि मोहोरा फोडत गेलो. सतरामध्ये सहा, ती माझीच. नऊ नंबरमध्ये दोन निळ्या खुणा. बावीसमध्ये तीन. एकतीस नंबर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथं एक. चाळीस नंबरमध्ये दोन. पाकीट मोजलेलं आहे, परत मोजू नये, म्हणून केलेली ती खूण. आणि प्रत्येक पाकीट दुसऱ्यांदा मोजलं गेलेलं. दुपारपर्यंत टेबलाच्या मधोमध चौदा पाकिटांचा ढीग झाला. आणि ही फक्त माझी. बाकीच्या सात जणांना खूण करायची सवय नव्हती.

"मी माणसांवर विश्वास ठेवला नाही, म्हणून पाकिटं मोजली," बाई म्हणाल्या.

"उचलली माणसांनीच ना, बाई."

त्यांनी डोळ्यांवर तळवे दाबून धरले. त्या अहवालाच्या शेवटी त्यांचं नाव होतं. दुसरी करवाढ त्यांच्या नावावर झाली होती. "कर चुकीचा नव्हता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, जणू मी तसं म्हटलं होतं. "पहिली वाढ चुकीची नव्हती. पण आधी सीमेवर माणसं लावायला हवी होती. ते कुणी केलं नाही, कारण मी सांगितलं, गरज नाही."

मग त्यांनी माझा जुना अर्ज काढला आणि माझ्यासमोर सरकवला. "तो रकाना, काका. नीट भरा."

'नाही' खोडून मी 'आहे' लिहिलं. नातं: वहिनी. दुकानाचा पत्ता लिहिताना पेन थांबलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, हे मी टिपणात लिहीन. दंडावर भागवा म्हणेन. ऐकतील की नाही, माहीत नाही." मी पत्ता लिहिला. घरी जाऊन वहिनींना सांगायचं, असं ठरवलं. त्या संध्याकाळी दुकानात गर्दी होती. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी मी काहीच कारण शोधलं नाही, नुसता जेवून वर गेलो.

चौथ्या दिवशी गाडी आली. साबणाच्या खोक्यांखाली सात पेट्या निघाल्या. निरीक्षकानं बाईंचं टिपण खिशातून काढून वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, त्यांचं म्हणणं ठीक आहे, पण दंडाचं कलम आता राहिलेलं नाही. मागच्या वर्षी असतं तर सोडलं असतं. त्यानं भिंतीवरचा परवाना खिळ्यावरून काढला. चौकटीच्या मागची भिंत पांढरी राहिली होती, बाकी सगळी धुरकट.

साबणवाला काही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या गल्लीत पेट्या उतरवताना दिसला.

संध्याकाळी वहिनींनी नेहमीसारखं ताट वाढलं आणि माझ्यासमोर बसल्या. "टिपणात तुमचा उल्लेख होता, पाकिटं बदलल्याचाही," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवलं मला त्यानं. मोठ्यानं. नर्सबाई उभ्या होत्या."

"तो तुम्हाला पिळून काढत होता, वहिनी. दोन्हीकडून अडकला होतात. मला वाटलं..."

"आणि मागच्या वर्षी पाकिटं बदललीत, तेव्हा काय वाटलं?"

"दुकान वाचेल."

"मागच्या वर्षी खरं सांगितलं असतंत तर दंड भरून मोकळी झाले असते. साबणवाल्याला तेव्हाच सांगता आलं असतं, जा बाबा, पकडले गेले मी, आता नाही जमणार. म्हणाले होते ना मी, बघून घेईन?" त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "एकदा वाचवलंत, एकदा बुडवलंत. दोन्ही वेळा मी खाली दुकानात बसले होते, तेरा पायऱ्या उतरून यायचं होतं. एकदा तरी विचारावंसं वाटलं?"

माझ्याकडे फक्त आकडा होता: तेरा. तो बरोबर होता.

"जेवा, साहेब," त्या म्हणाल्या. "गार होतंय."

भावजी नव्हे. कचरासाहेबही नव्हे, त्यात निदान चेष्टा तरी होती.

परवाना गेला तरी दुकान त्या रोज उघडतात. साबण, सुया, बॅटऱ्या. लोक येतात, भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघतात, निळं मागतात, नाही म्हटल्यावर जातात. काही साबण घेऊन जातात. अशा तीन आठवड्यांनंतर काल रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी फळकुटाखालून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. दादाच्या कराचा माझाच जुना हिशेब होता तो. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रेघा ओढल्या होत्या, रोजच्या रोज.

सिगारेट मागून गेलेले: दोनशे बारा. त्यातले पलीकडच्या गल्लीत गेलेले: एकशे शहाण्णव, दारातून दिसतं. शिंपी, नर्सबाई आणि आणखी सात जण असे होते की मागायचं थांबले आणि पलीकडेही गेले नाहीत. शिंप्यानं म्हणे सांगितलं, तेवढ्यासाठी कोण चालतंय पलीकडे, सोडलीच. हे नऊ सोडून उरलेल्या सात जणांपुढे वहिनींनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. माहीत नाही तिथं माहीत नाही. इतका स्वच्छ कागद मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. बाईंनी तो पाहायला हवा होता. त्या आता नव्यानं मोजणी करणार होत्या, आणि यावेळी त्यांना धंद्यातलं कुणी नको होतं.

मी कागद उचलला, घडी घालायला लागलो, आणि माझं बोट घडीवर थांबलं.

"वहिनी, हा बाईंना दाखवला तर चालेल?"

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले, माझ्या हातून कागद घेतला आणि परत फळकुटाखाली सारला.

"विचार करून सांगते, साहेब," त्या म्हणाल्या. "ताट पुढे घ्या."